ग्रे म्हणजे कोरं

दौलत भोईरचं पोट कापडातल्या चुकांवर चालायचं. मोमीन शेठच्या लूमवर विणलेलं कापड बाजारात जायच्या आधी त्याच्या टेबलावरून सरकत जाई. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीत पडलेली विरळ पट्टी, काहीही दिसलं की त्याचा हात आपोआप खडूकडे वळे. भिवंडीजवळच्या शेलार गावचा, भातशेतीच्या घरातला हा माणूस दहावीला इंग्रजीत दोनदा उडाला, तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा त्याने कंटाळा केला आणि वडिलांच्या ओळखीने लूमवर लागला. दोन हजार चार साली त्याला तिथे एकवीस वर्षं झाली होती. यूपीचे कारागीर त्याला चेकरसाब म्हणायचे. ते त्याला आवडायचं. इंग्रजीने त्याला दिलेली ही एकच चांगली गोष्ट होती.

सवय घरीही सुटत नसे. भाकरीची कड जास्त भाजली, दाराची कडी वाकडी बसली, पोरीच्या वेणीचा भांग तिरका पडला, सगळं त्याला दिसायचं आणि दिसलं की तो बोलायचा. बायको कमळा वैतागून म्हणायची, "अवो, हितं तुमचं टेबल न्हाय."

मुलगी करिष्मा सहावीत होती, नाक्यापलीकडच्या इंग्रजी शाळेत. तिला तिथे घालायचा हट्ट दौलतचाच. गणपती होऊन गेल्यावर एका आठवड्यात तिला निबंध आला, आपल्या गावाविषयी. ती त्याच्याजवळ येऊन बसली.

"पप्पा, आपल्याकडे कुठलं कापड बनतं?"

"ग्रे."

"कलर काय असतो त्याचा?"

"कलर कसला? लूमवरून उतरतं तसं. पांढरंच, जरा पिवळट."

करिष्माने ते मन लावून लिहिलं. भिवंडीत ग्रे कापड बनतं. ग्रे कापड पांढरं असतं. वाक्यं इंग्रजीत लिहून तिने ती बापाला मोठ्याने वाचूनही दाखवली होती आणि दौलत खूश झाला होता.

चार दिवसांनी ती शाळेतून आली ती दप्तर कोपऱ्यात टाकूनच. वही त्याच्यासमोर आपटली. त्या दोन वाक्यांना लाल पेनाने गोल केला होता आणि शेजारी मोठं प्रश्नचिन्ह.

"मिसनी वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले मला. तो भाविक म्हणतो, तुमच्याकडे ग्रे पांढरा, मग काळा कुठला, लाल?" तिचे डोळे भरले होते. "ग्रे म्हणजे राखाडी ना, पप्पा? तुम्हाला ग्रे माहीत नाही?"

दौलतने वही पुन्हा पुन्हा पाहिली. एकवीस वर्षं तो हा शब्द दिवसातून शंभर वेळा बोलत होता. ग्रे आला, ग्रे गेला, ग्रेचा भाव पडला. ग्रे म्हणजे राख, हत्ती, ढग असला रंग हेही त्याला माहीत होतंच की. पण या दोन गोष्टी त्याने कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. टेबलावरून लाखो मीटर कापड गेलं, आणि हा एवढा ठळक डाग त्याला दिसला नव्हता. त्याला हसणाऱ्यांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात. त्या शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेला. इंग्रजी शिकवणाऱ्या माधवी मिस कल्याणहून यायच्या, पंचविशीच्या, बोलायला मऊ. त्यांनी त्याला खुर्ची दिली.

"मॅडम, तुमचं चुकलं असं मी म्हणत न्हाय," दौलत म्हणाला. "पण माझ्या पोरीचंपण चुकलेलं न्हाय. ग्रे म्हणजे कोरं. न धुतलेलं, न रंगवलेलं. कोरं कापड पांढरंच असतं."

माधवी मिसनी कपाटातून इंग्रजी-मराठी शब्दकोश काढला आणि पान उघडून त्याच्यापुढे सरकवला. "बघा ना. राखाडी, करडा. पिकलेले केस. ढगाळ. यात कोरं कुठे दिसतंय?"

दौलतने पानावर बोट फिरवलं. कोरं कुठेच नव्हतं.

"मंग काय अख्खी भिवंडी चुकीचं बोलते?"

"तसं नाही हो. धंद्यात बोलत असतील. पण मला मुलांना परीक्षेसाठी तयार करायचंय. तुम्ही मला कुठे छापलेलं दाखवा, मी लगेच तिचा गोल खोडते." त्या अगदी मनापासून बोलत होत्या. दौलत खुर्चीवरून उठला.

छापलेलं दाखवा. तो ते दोन शब्द घेऊन बाहेर पडला आणि पुढचे तीन महिने ते त्याच्या डोक्यातून गेले नाहीत.

पहिल्यांदा त्याने मोमीन शेठला विचारलं. शेठच्या आजोबांपासून लूम होते, त्यांना माहीत असणार. शेठ एका कानाला मोबाइल लावून होते. त्यांनी दुसऱ्या कानाने ऐकलं.

"दौलत, ग्रे को ग्रे नहीं बोलेगा तो क्या बोलेगा?"

"मगर शेठ, ये तो सफेद है."

"तो?"

"तो ग्रे क्यों बोलते हैं?"

शेठने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने पाण्याला पाणी का म्हणतात असं विचारलं होतं. "बाप-दादा बोलते थे, हम बोलते हैं. वो गाडी खडी है बाहर, देख जरा."

मग त्याने शेजारच्या कारखान्यातल्या सुपरवायझरला गाठलं. प्रितेश त्याचं नाव, टेक्स्टाइलचा डिप्लोमा झालेला. त्याच्याकडून दौलतला फार आशा होती.

"ग्रे ही टेक्निकल टर्म आहे," प्रितेश म्हणाला.

"टर्म म्हणजे?"

"म्हणजे तसं म्हणतात."

"तसं म्हणतात ते मला म्हाईत हाय रे. का म्हणतात?"

"सिलॅबसला नव्हतं," प्रितेशने सांगितलं आणि तो चहा प्यायला निघून गेला.

बाजारातल्या एका म्हाताऱ्या दलालाने मात्र छातीठोक उत्तर दिलं. विलायतेत पूर्वी गिरण्या कोळशावर चालायच्या, धुराने कापड काळपट पडायचं, म्हणून ग्रे. दौलतला दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी टेबलाशी उभा असताना त्याला ते पटेनासं झालं. कोणता व्यापारी आपल्या मालाला मळका म्हणून विकेल? आणि धूर बसलेलं कापड तर दोषाचं कापड. त्याच्यावर खडूची खूण पडायला पाहिजे, नाव नव्हे. तो पुन्हा दलालाकडे गेला आणि हे म्हणाला. दलाल चिडला. "मोठा आलास शहाणा! चाळीस वर्षं धंदा केलाय मी."

या सगळ्या विचारात एक दिवस हाताखालून अख्खा तागा तसाच पुढे गेला. मधोमध वीतभर तेलाचा डाग होता. गिऱ्हाइकाकडून तो परत आला तेव्हा मोमीन शेठ सगळ्यांसमोर ओरडले. "चेकरसाब को अब दिखता नहीं क्या? चष्मा लगाओ!" एकवीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं होतं. कारागीर माना खाली घालून हसले. दौलतने घरी येऊन कमळाने वाढलेलं ताट बाजूला सारलं.

"एका शब्दासाठी जीव खाल्लाय नुसता," कमळा म्हणाली. "पोरगी विसरलीसुदा."

"ती न्हाय विसरली."

"मंग तुमी तरी विसरा."

पौष लागल्यावर कमळाच्या माहेरी जायचं निघालं. तिचं माहेर गणेशपुरीचं. भाऊ रघू तिथे गरम कुंडांच्या वाटेवर चहाची टपरी चालवायचा. एका शुक्रवारी सकाळच्या एसटीने नवरा-बायको निघाले, करिष्मा शाळेमुळे आजीजवळ राहिली. रघूला टपरीवर चहा गाळायला आणि टेबलावर अंथरायला कापड लागायचं, म्हणून दौलतने सोबत तीन-चार मीटर कोरं नेलं होतं.

गणेशपुरीला आश्रमात परदेशी लोक येतात. रघूच्या टपरीवरही ते चहाला बसायचे आणि ऐकून ऐकून रघूला कामापुरतं इंग्रजी येत होतं. त्या दिवशी बाकावर एक पन्नाशीची गोरी बाई बसली होती, सुती साडी नेसलेली. रघूने ओळख करून दिली. "या क्लेरताई. दर हिवाळ्यात येतात. फ्रान्सच्या."

क्लेरताईंचं लक्ष चहाकडे नव्हतं, दौलतने पिशवीतून काढलेल्या कापडाकडे होतं. त्यांनी ते बोटांमध्ये चोळून पाहिलं, उजेडात धरलं. हे कुठून आणलं, असं त्यांनी रघूला विचारलं. दौलतला वाटलं, निदान एवढं तरी आपण स्वतः इंग्रजीत सांगावं.

"ग्रे क्लॉथ, मॅडम. ग्रे."

बाई हसल्या आणि त्यांनी मान हलवली. "नो, नो. नॉट ग्रे."

दौलतचं डोकंच फिरलं. तीन महिने अख्ख्या भिवंडीत डोकं आपटून झालं होतं, आता ही सातासमुद्रापलीकडची बाईही त्याची चूक काढत होती. "रघू, तिला सांग," तो जवळजवळ ओरडलाच, "ग्रे म्हणजे ग्रेच. आमच्यात ग्रेच म्हणतात. रंग न्हाय, कोरं! कोरं!"

रघूने घाबरत घाबरत काहीतरी सांगितलं. बाईंनी दोन्ही हात वर केले, जणू म्हणत होत्या, थांबा, थांबा. मग त्या सावकाश म्हणाल्या, "ग्रेझ."

"काय?"

"ग्रे-झ." शेवटचा झ त्यांनी जिभेवर घोळवल्यासारखा हलकेच सोडला. मग रघूशी बोलू लागल्या आणि रघू तुटक तुटक सांगू लागला. "म्हणतात, त्यांच्या भाषेत असा शब्द हाय. रेशमाला म्हणतात. किड्याच्या कोशावरून काढलं, अजून धुतलं न्हाय, रंगवलं न्हाय, त्या रेशमाला. कच्चं. सुताला त्या येगळा शब्द वापरतात, पण हा कच्च्याचाच शब्द."

"कच्चं म्हणजे कोरं," दौलत म्हणाला.

"तेच की."

"आणि रंग?"

रघूने विचारलं. बाई म्हणाल्या, राखाडी रंगाला आमच्याकडे दुसराच शब्द आहे, ग्री. हा तो नव्हे. त्यांनी पिशवीतून पेन काढून रघूच्या हिशेबाच्या कागदाच्या पाठीमागे शब्द लिहून दिला. त्यातल्या एका अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ होती. ती रेघ का, हे दौलतला कळलं नाही, पण त्याने कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि परतीच्या एसटीत दोनदा चाचपून पाहिला. त्यात त्याला आनंद कमी आणि वैताग जास्त होता. इंग्रजांनी शेवटचा झ खाल्ला, आपल्या लोकांनी ग्रे घेतला, आणि निस्तरायची वेळ सहावीतल्या पोरीवर आली.

पण हाताने लिहिलेला कागद म्हणजे छापलेलं नव्हे. मिसनी छापलेलं दाखवा म्हटलं होतं. भिवंडीच्या वाचनालयात शब्दकोश पातळ होता, त्यात हा शब्दच नव्हता. पुढच्या शुक्रवारी तो ठाण्याला गेला. एका मोठ्या वाचनालयात विनिताताई म्हणून ग्रंथपाल होत्या. सभासद नसलेल्याला आत बसू देत नाहीत, असं त्यांनी आधी सांगितलं. दौलत दारातच उभा राहिला आणि त्याने निबंधापासून कुंडापर्यंत सगळं सांगून टाकलं. मागे रांग लागली. शेवटी विनिताताई उठल्या आणि त्यांनी कपाटातून उशीएवढा जाड इंग्रजी शब्दकोश काढला.

रंगाच्या ग्रेखाली पुन्हा राख, केस, ढग. दौलतने हताश होऊन कपाळाला हात लावला. विनिताताई मात्र त्याचा कागद समोर ठेवून पान मागे-पुढे करत राहिल्या आणि एका ओळीवर थांबल्या.

"हा बघा. स्पेलिंग जरा वेगळं आहे. अर्थ दिलाय, न धुतलेलं, न रंगवलेलं कापड. तुमचं कोरं."

"छापलंय?"

"छापलंय. फ्रेंचमधून आलाय. फ्रेंचमध्ये इटालियनमधून. तिथे ग्रेज्जो, म्हणजे कच्चा. आणि त्याच्या मागे बहुधा लॅटिन ग्रेक्स. ग्रेक्स म्हणजे कळप. बहुधा, असं दिलंय हां."

"कळप? मेंढरांचा?"

"असेल. कळपातून निघाली तशीच लोकर, असं काहीतरी असावं. हा माझा अंदाज."

"आणि राखाडी?"

"तो ग्रे इंग्रजांचा जुना, घरचाच शब्द. या दोघांचं नातं नाही. उच्चार जवळ आले, म्हणून एकच वाटतात."

दौलतने ती ओळ सोबत आणलेल्या वहीत अक्षर न अक्षर उतरवून घेतली. समजली नाहीत ती अक्षरंही चित्र काढावीत तशी काढली. विनिताताईंनी पानाची झेरॉक्सही काढून दिली.

त्या पुढच्या शुक्रवारी माधवी मिसच्या टेबलावर त्याने झेरॉक्स, वही आणि रघूचा कागद ओळीने मांडले. "लॅटिनात कळप, इटलीत कच्चं, फ्रान्सात ग्रेझ, इंग्रजांकडे ग्रे, आणि भिवंडीत कोरं. हे ठाम हाय, मॅडम. छापलेलं हाय."

माधवी मिसनी झेरॉक्स दोनदा वाचली. "मला खरंच माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी चुकले. वर्गात सांगते मी."

आणि त्यांनी सांगितलं. दुसऱ्याच तासाला, करिष्माला उभं करून, तिच्या वडिलांनी किती कष्ट घेतले हेही सांगून.

संध्याकाळी करिष्मा घरी आली ती पुन्हा दप्तर टाकूनच. दौलत ओट्यावर बसला होता, कौतुक ऐकायला.

"आता मला सगळे ग्रेझ म्हणतात!" ती ओरडली. "भाविक तर मेंढी म्हणतो! कोणी सांगितलं होतं तुम्हाला शाळेत यायला?"

"अगं, पण तुझं बरोबर होतं. मिस चुकल्या म्हणाल्या."

"मिस तुम्हाला म्हणाल्या. मला फक्त उभं केलं. मला काहीच माहीत नव्हतं. कळप काय, इटली काय, मी बावळटासारखी बघत होते. शेठला सांगितलंत, मामाला सांगितलंत, ठाण्याच्या बाईंना सांगितलंत. मला सांगितलंत कधी?"

दौलत ओट्यावरून उठला. गणेशपुरीहून आल्यावर तो तिला सांगणारच होता, पण मग छापलेलं मिळू दे असं वाटलं. छापलेलं मिळालं तर आधी मिसला दाखवू असं वाटलं. पोरीची लाज घालवायला निघालेला तो माणूस तिलाच वाटेत विसरला होता. हे एवढं सरळ त्याला तिने सांगेपर्यंत दिसलं नव्हतं, आणि त्या न दिसण्याचा त्याला फार संताप आला.

दोन दिवस करिष्मा त्याच्याशी बोलली नाही. कमळाने मध्ये पडायचं नाकारलं. तिसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर दौलतने वही काढली आणि पोरीसमोर ठेवली. "बस. सांगतो."

"अभ्यास आहे मला."

"ह्योच अभ्यास हाय."

तो सांगू लागला तशी ती हळूहळू वळून बसली. क्लेरताईंवर तो ओरडला हे ऐकून तिला हसू आलं, तरी तिने ते दाबलं. मग वही आपल्याकडे ओढून त्याने काढलेली ती वेडीवाकडी ओळ ती वाचू लागली. वाचता वाचता तिचं बोट एका ठिकाणी थांबलं.

"हे काय लिहिलंय? प्रॉब."

"होतं तसं उतरवलंय मी."

"प्रॉब म्हणजे प्रोबॅबली, पप्पा. बहुधा. म्हणजे ते कळपाचं नक्की नाही."

दौलतला विनिताताईंचा आवाज आठवला. त्यांनी दोनदा सांगितलं होतं. "न्हाय नक्की," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

"मग मिसना तुम्ही ठाम कसं सांगितलंत? मिसनी तसंच सांगितलं वर्गात. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलंय!"

"फ्रान्सपर्यंत ठाम हाय ना..."

"पण लॅटिन नाही." तिने पेन्सिल उचलली आणि त्या शब्दाला गोल केला. तिची मान तिरकी झाली होती, भुवया जवळ आल्या होत्या.

दौलतने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आता मी पुन्हा न्हाय जाणार त्या शाळेत. सांगून ठेवतो."

"तुम्ही नकाच येऊ," करिष्मा म्हणाली. "उद्या पहिला तास इंग्लिशचाच आहे. मी सांगते मिसना."

आणि झेरॉक्स दप्तरात ठेवता ठेवता तिने विचारलं, "पप्पा, तो झ कसा म्हणाल्या त्या बाई? परत म्हणा जरा."

दौलतने म्हणून दाखवला. तिला तो पटला नाही. तिने त्याला आणखी चार वेळा म्हणायला लावला.